कागदावर बारावी

सुलक्षणाला रांजणगावच्या तीन कंपन्यांच्या गेटांवरून माघारी पाठवलं आणि तिन्ही गेटांवर कारण एकच सांगितलं. शिक्षण जास्त झालंय.

पहिल्यांदा ते ऐकून तिला हसूच आलं होतं. एमएस्सी, ऑरगॅनिक केमिस्ट्री, पहिला वर्ग. शिक्षण कमी पडेल अशी धास्ती तिनं वर्षानुवर्षं बाळगली होती. ते जास्त झालं म्हणून कोणी नाकारील हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. आधी ती प्रयोगशाळेच्या जागेसाठी कुरकुंभला जाऊन आली. जागा दोन, आणि बाहेर पत्र्याखाली दीडशे पोरं-पोरी, निम्म्यांच्या हातात तिच्यासारखीच फाईल. आत साहेबांनी अनुभव विचारला. तो कुठून आणायचा हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. असं करता करता दीड वर्ष गेलं. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, प्रयोगशाळा नाही तर नाही, कारखान्याच्या लाईनवर तर लाईनवर, पण हाताला काम पाहिजे. तर लाईनवाले म्हणाले, मॅडम, तुम्ही दोन महिन्यांत निघून जाल, आम्हाला टिकणारी माणसं लागतात.

चौथं ठिकाण म्हणजे कारेगावातल्या एका ठेकेदाराचं ऑफिस. हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, आणि तिथं माणसं भरायला बसलेला जालिंदर. चाळिशीचा, बुटका, बोलायला मऊ. त्यानं तिची फाईल उघडली, एकेक कागद सावकाश बघितला आणि फाईल मिटून परत तिच्या हातात दिली.

"ताई, ही पिशवीत ठिवा. मला फक्त बारावीचं मार्कशिट द्या."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुमच्यापाशी. तुम्हाला काम पायजे का न्हाई?"

त्यानं पुढं केलेल्या फॉर्मवर एक छापील ओळ होती. वर नमूद केल्याहून अधिक शिक्षण झालेलं नाही, खोटी माहिती आढळल्यास सेवा समाप्त. सुलक्षणानं ती दोनदा वाचली. जालिंदर खिडकीतून खाली रस्त्याकडं बघत राहिला. तिनं सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती बारावी पास झाली.

ते काम सोपं होतं. पत्र्याचे सुटे भाग येत, ते हुकांना अडकवायचे. वरची साखळी ते भाग ओढत टाक्यांमधून घेऊन जाई, आधी धुण्याची टाकी, मग रसायनाची, मग पुढं रंग. आठ तास उभं राहून अडकवत राहायचं. अवघड होतं ते बारावी पास राहणं. फलकावर इंग्रजीत नोटीस लागली की तिला ती चालता चालता वाचून होई, पण बाकीच्यांबरोबर थांबून, कोणीतरी अर्थ सांगेपर्यंत वाट बघायची. कोणी हिशेब चुकीचा केला तरी गप्प बसायचं. खोलीत तिच्याबरोबर अनिता राहायची, पाथर्डीकडची, तीही लाईनवरच. एकदा अनितानं औषधाच्या पाकिटावरचं नाव दाखवून विचारलं, "काय लिवलंय गं?" तर सुलक्षणानं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन, एकेक अक्षर लावत चुकतमाकत वाचलं. वाचून झाल्यावर तिला घाम फुटला होता.

दुसरीकडं घर. केडगावपासून चार किलोमीटरवर त्यांची वस्ती, घरात आई-वडील आणि भाऊ पप्पू. वडील पोपटराव शेवंती आणि झेंडू करायचे, विकास सोसायटीत संचालक होते, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मुलगी एमएस्सी झाली तेव्हा त्यांनी चौकात तिचा फ्लेक्स लावला होता. नोकरी लागल्यावर तिनं फोनवर सांगितलं, "कंपनीत लागले आबा, पेंटशॉपला," आणि पुढं काय सांगावं हे सुचेना म्हणून थांबली. पोपटरावांनीच वाक्य पुरं केलं. "लॅबमंदी का?" ती "हं" म्हणाली. त्या एका हुंकारावर दोन वर्षं गेली. पंधरा दिवसांनी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याची एसटी धरून ती घरी जाई. पारगावचा पूल ओलांडला की ती लॅबमधली मॅडम होई, आणि परतताना त्याच पुलावर पुन्हा बारावी पास. दोन्हींपैकी एका ठिकाणी जरी खरं बोलली असती, तरी ते ठिकाण हातचं गेलं असतं असं तिला वाटायचं.

असंच चाललं असतं. पण त्या फेब्रुवारीत कंपनीचा माल परत यायला लागला. रंगाचे पापुद्रे निघत होते. दोन गाड्या परत आल्यावर वरच्यांनी लाईनवर बोट दाखवलं. बायका तेलकट हातानं भाग धरतात, हातमोजे नीट घालत नाहीत. अनिताला नोटीस मिळाली, अजून एक मिळाली की घरी. अनिता खोलीवर येऊन कणीक मळत बसली, आणि मळता मळता रडली.

सुलक्षणाला पापुद्र्यांचं कारण माहीत होतं. लाईनशेजारीच काचेची खोली होती, तीच लॅब. तिथला नवा ट्रेनी रोज टाकीतलं रसायन तपासायचा. दहा मिली नमुना काढायचा आणि त्यात वरून थेंबथेंब दुसरं द्रावण सोडायचं, गुलाबी रंग येईपर्यंत. तो रंग फिका हवा, आहे की नाही असं वाटायला लावणारा. हा गडी तो गर्द होईपर्यंत सोडत राही. त्यामुळं आकडा जास्त यायचा, रसायन भरपूर आहे असं रजिस्टरात पडायचं, आणि टाकी रोज थोडी थोडी पातळ होत चालली होती. पातळ टाकीतून निघालेल्या पत्र्यावर रंग धरणार कसा? हे ती काचेतून तीन आठवडे बघत होती. बारावी पास बाईनं यात पडायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत क्वालिटीच्या निंबाळकर साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. निंबाळकर पन्नाशीचे, चिडके, पण ऐकून घेणारे.

"सर, टाकी एकदा तुम्ही स्वतः तपासा. रंग फिका असतानाच थांबा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

"बारावीला होतं सर. सायन्सला."

त्यांनी तपासलं. टाकीतलं रसायन निम्म्यावर आलं होतं. आठवडाभरात माल परत यायचा थांबला आणि अनिताची नोटीस फाईलमधून काढून टाकली. ट्रेनी आपण होऊनच सोडून गेला. मग एक दिवस निंबाळकरांनी तिला बोलावलं.

"लॅबची जागा रिकामी आहे. केमिस्ट, कंपनीच्या पटावर. नियमानं बीएस्सी लागतं. तू बीएस्सी असतीस ना, तर आजच घेतली असती." आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मुक्त विद्यापीठातून कर. तीन वर्षं लागतील. डोकं आहे तुला, वाया घालवू नकोस."

"हो सर," सुलक्षणा म्हणाली. बाहेर येऊन ती पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ उभी राहिली. हसावं का रडावं ते तिला कळेना, आणि तेवढ्यात साखळी सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणून तिला दोन्हीही करता आलं नाही.

त्या रविवारी घरी जाऊन तिनं कपाटातून पदवीचं प्रमाणपत्र काढलं. आई, धुरपदा, दारात उभी राहून बघत होती. आईनंच पोपटरावांना हाक मारली. ते शेवंतीतून हात झटकत आले.

"प्रमोशन का?"

"बघू आबा. अजून काही नक्की नाही."

"व्हईल. न व्हायला काय झालं?" ते म्हणाले आणि तिच्या पिशवीत दोन जुड्या मेथी कोंबून गेले.

सोमवारी तिनं ते प्रमाणपत्र निंबाळकरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, तिच्याकडं बघितलं, परत वाचलं.

"हे तुझं आहे?"

"हो सर."

"बस," ते म्हणाले. दोन वर्षांत कंपनीतल्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसली. त्यांचा चेहरा खुलला होता. मग तो हळूहळू उतरत गेला. "तुझ्या फाईलला काय लिहिलंय?"

"बारावी."

त्यांनी एचआरला फोन लावला, तिचं नाव न घेता विचारलं, असं असं असेल तर काय करता. पलीकडून जे सांगितलं जात होतं ते ऐकत ते पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "खोटी माहिती म्हणजे थेट काढणार. वर ठेकेदाराची सगळी माणसं तपासायला घेणार, प्रत्येकाचं शिक्षण. तुला खरं लिहून द्यायचं असेल तर मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण ते तुझ्या एकटीवर थांबणार नाही. उद्या सांग मला."

पाळी सुटल्यावर ती सरळ जालिंदरकडं गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. उठून त्यानं दार लोटून घेतलं.

"ताई, माझ्याकडनं त्या कंपनीत शंभर माणसं हायेत. त्यातली चाळीस तरी तुमच्यावानी हायेत."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? तो पॅकिंगमधला उंच पोरगा, बीएड हाय. लोडिंगला दोघं भाऊ हायेत, एक एमकॉम, एक इंजिनेर. समद्यांचे कागद त्यांच्या त्यांच्या पिशवीत हायेत. मी म्हणलं म्हणून ठिवले त्यांनी. तपासायला घेतलं तर समदी एका दिवसात भाईर." त्यानं आवाज खाली आणला. "तुमची ती अनिता, बीए हाय. इंग्रजी घिऊन."

सुलक्षणाला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं.

"तुम्हाला लॅबची जागा मिळत आसंल तर मी आडवा न्हाई येणार," जालिंदर म्हणाला. "पर ती तरी मिळती का, ह्ये इचारलंय का तुम्ही?"

तिनं विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती. खोट्या माहितीवर सही करणारीला कंपनी पटावर कशाला घेईल? चाळीस जणांना बाहेर काढून ती स्वतःही बाहेरच जाणार होती.

खोलीवर आली तेव्हा अनिता भाकरी थापत होती. सुलक्षणा भिंतीला टेकून तिच्याकडं बघत राहिली. औषधाचं पाकीट पुढं करणारा तो हात, तो भाबडा चेहरा. हिनंही किती जपून ठेवलं होतं. सांगून टाकावं, दोघींनी मिळून एकदा पोट धरून हसावं, असं तिला फार वाटलं. पण अनितानं नोटिशीच्या वेळी किती धसका घेतला होता तेही तिनं बघितलं होतं. आपलं गुपित कोणाला तरी माहीत आहे हे कळल्यावर तिला झोप लागली असती का?

"काय बघतीस?" अनितानं विचारलं.

"काही नाही. आज पोळ्यांऐवजी भाकरी बरी केलीस."

सकाळी तिनं निंबाळकरांना सांगितलं, राहू द्या सर. त्यांनी प्रमाणपत्र पाकिटात घालून परत दिलं. "मी हे बघितलेलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, जे तिला लागलं.

लॅबमध्ये सारिका नावाची मुलगी आली. एकवीस वर्षांची, नुकती बीएस्सी झालेली, हुशार, पण हात बसलेला नव्हता. निंबाळकरांनी सुलक्षणाला तिच्यापाशी उभं केलं. चार दिवस सुलक्षणा तिला दाखवत होती, नळी कशी धरायची, कुठं थांबायचं, डोळे कुठं ठेवायचे.

"दीदी, तुम्हाला एवढं येतं, मग बारावीनंतर पुढं का नाही शिकलात?" सारिकानं सरळ मनानं विचारलं.

"घरी नाही जमलं," सुलक्षणा म्हणाली. शेवंतीच्या रानात उभे असलेले आबा तिच्या डोळ्यांपुढं आले. ज्या माणसानं तिला शिकवण्यात कधी कुचराई केली नव्हती, त्याच्यावर तिनं हे ढकललं होतं.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. त्या रविवारी ती घरी होती, आणि संध्याकाळी चुलत चुलते सर्जेराव त्यांच्या मुलीला, सृष्टीला, घेऊन आले. सृष्टीला सायन्सला चांगले मार्क पडले होते. पोरगी लाजत दाराशी बसली. धुरपदानं चहा टाकला.

"सुले, आता तूच सांग," सर्जेराव म्हणाले. "शाळेतले सर म्हंत्यात नर्सिंगला घाला, लौकर पायावर हुभी ऱ्हाईल. मी म्हणलं न्हाई. आमच्या सुलीनं केलं तसं कर. बीएस्सी, मग एमएस्सी, मग लॅब. शिरूरलाच घालतो, तुझ्याच कॉलेजात."

पोपटराव कपातला चहा बशीत ओतत होते. सुलक्षणानं सृष्टीकडं बघितलं. पाच वर्षं. पाच वर्षांनी ही पोर कुठल्या तरी ऑफिसात बसलेली असेल आणि समोरचा तिला म्हणेल, ताई, ही फाईल पिशवीत ठिवा.

"आप्पा, मी लॅबमध्ये नाही," ती म्हणाली.

"आँ?"

"मी लाईनवर आहे. हुकाला पत्रे अडकवते. ठेकेदाराकडून आहे, आणि तिथं मी बारावी पास आहे. एमएस्सी सांगितलं असतं तर तेही काम मिळालं नसतं. तुम्ही सृष्टीला नर्सिंगला घाला."

चुलीवरचं भांडं उतरवता उतरवता धुरपदा थांबली. सर्जेरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून सुलक्षणाला कळलं की त्यांचा एका शब्दावरही विश्वास बसलेला नाही.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "बरं. नगं सांगू. आमची पोरगी तुझ्या बरुबरीला येऊ न्हाई आसं वाटत आसंल तर सरळ म्हणावं. हुकाला पत्रे अडकवती म्हणं."

"आप्पा, खरंच सांगते."

"दादा, तुमची पोरगी लई मोठी झाली," सर्जेराव पोपटरावांना म्हणाले. पोपटराव एवढंच म्हणाले, "चहा घे सर्जा." सर्जेरावांनी चहा घेतला नाही. सृष्टी बापामागं निघाली आणि जाता जाता तिनं दोनदा वळून बघितलं.

दोघं निघून गेली. मग पोपटराव बशी खाली ठेवून म्हणाले, "मला म्हाईत हाय."

सुलक्षणानं मान वर केली.

"मागल्या चतुर्थीला गणपतीला आलो व्हतो रांजणगावला. म्हणलं भेटून जावं. गेटवर हुभा ऱ्हायलो. तू भाईर आली, निळा डगला, हातात डबा, समद्या बायांच्या घोळक्यात. वॉचमन पिशव्या तपासत व्हता. तुझीबी तपासली." ते खाली बघत बोलत होते. "मी टपरीच्या मागं झालो. म्हणलं, आपल्याला बघितलं तर पोरीला कसंतरी व्हईल."

"आबा, मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं? तू सांगितलं न्हाई, म्हंजी तुला सांगायचं नसंल." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आज बोललीस, झालं. पर आता आणिक कुणापाशी बोलू नगं. सोसायटीत मी समद्यांला सांगितलंय. पप्पूला पोरी बघायला लागलोय आपण. लोक तुझ्याकडं बघून स्थळं आणत्यात. दोन-तीन वर्सं जाऊ दे."

धुरपदा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. त्या हाताचं ओझं सुलक्षणाला फार वाटलं. खरं सांगितलं की सुटू असं तिला इतके दिवस वाटत होतं. आता ज्याला ते सांगायचं होतं त्याला ते आधीच माहीत होतं, ज्याला सांगितलं त्यानं ते मानलं नव्हतं, आणि ती जिथं होती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. भल्या सकाळी ती एसटीसाठी चौफुल्यावर आली तर तिथं सृष्टी सायकल घेऊन उभी.

"ताई, खरं होतं ना ते?"

"हो."

"मला वाटलंच. खोटं सांगायचं असतं तर चांगलं सांगितलं असतंस." ती सायकलच्या घंटीवर बोट फिरवत राहिली. "मग तू सोडत का न्हाईस?"

"सोडून कुठं जाऊ? दुसरीकडं जाऊन परत बारावीच लिहायची ना?"

सृष्टीनं सायकल स्टँडला लावली. मग म्हणाली, "पर मला केमिस्ट्री आवडती. नर्सिंग न्हाई आवडत."

"काय आवडतं त्यातलं?"

सृष्टीनं सांगायला सुरुवात केली. प्रॅक्टिकलला बाईंनी दिलेलं पांढरं मीठ, ते ज्योतीत धरल्यावर आलेला हिरवा रंग, सगळ्या वर्गाचं चुकलं आणि हिचं एकटीचं बरोबर आलं. सुलक्षणानं विचारलं, हिरवा कसला, पोपटी का निळसर? सृष्टी म्हणाली पोपटी. मग ते काय असेल आणि काय नसेल, यावर दोघी बोलत राहिल्या. सुलक्षणाला आपला आवाज चढलेला जाणवला, हात हलत होते, शेजारचा भाजीवाला बघत होता. दोन वर्षांत ती एवढं बोलली नव्हती. एसटी आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण हिला अडवायला हवं होतं आणि आपण भलतंच करून बसलो.

"ॲडमिशन घ्यायच्या आधी मला फोन कर," ती पायरीवरून म्हणाली. सृष्टीनं मान डोलावली.

फोन आला तो जूनमध्ये, आणि पोपटरावांचा. सृष्टीनं शिरूरला बीएस्सीला प्रवेश घेतला होता. सर्जेरावांचा राग गेला होता, त्यांनी पेढे वाटले होते, आणि पेढे देताना प्रत्येकाला सांगत होते की सुलीच्या पावलावर पाऊल टाकतीये आमची पोरगी.

सुलक्षणा कॅन्टीनच्या मागं उभी राहून ऐकत होती. "चांगलं झालं," ती म्हणाली. आत अनिता तिला हातानं बोलवत होती, सुट्टी संपली होती. फोन लॉकरमध्ये टाकून तिनं हातमोजे चढवले आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.